धोंडिबाच्या शेळ्या आणि सरपंचाची गाडी

खेळात मेलेला माणूस खरोखर मेला, असे तुम्ही मानता का?

उत्तराची घाई करू नका. मीही आधी घाई केली होती. चौतीस वर्षे शाळेत शिकवले, तेव्हाचे प्रसंग मला आठवून काढावे लागतात. या गावातले मात्र आपोआप साचत गेले. कपाट उघडले की अंगावर पडतील इतके आहेत. त्यातले काही सांगतो.

सिद्धार्थ माझा जुना विद्यार्थी. सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. पहिल्या पाळीहून परतताना एकदा सावेडीला माझ्या घरी आला आणि उभ्यानेच म्हणाला, "सर, आमच्या गावाला न्यायाधीश पाहिजे."

"कोणते गाव?"

"अजून रस्ता व्हायचाय, सर."

मग त्याने लॅपटॉप उघडून दाखवले. परदेशी शहराचा एक गेम होता. मूळ गेममध्ये लोक गाड्या पळवतात आणि गोळ्या घालतात. सिद्धार्थने त्यात मोड घालून, म्हणजे मूळ खेळात आपल्या हाताने बदल करून, डोंगरातले एक मराठी गाव वसवले होते. गावात बाजार, पाणवठा, शाळा आणि एसटी होती. प्रत्येकाने आपले एक पात्र घ्यायचे, माईक लावायचा आणि रोज संध्याकाळी सहा ते आठ त्या पात्रासारखे वागायचे, बोलायचे.

नियम दोनच होते. गावात असेपर्यंत पात्र सोडायचे नाही. आणि पात्र मेले की यादीतून कायमचे कमी. त्या माणसाने पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची.

मी सांगितले, "मी खेळातही खोटे बोलणार नाही."

सिद्धार्थ म्हणाला, "म्हणून तर तुमच्याकडे आलो."

* * *

आमच्या गावचा चोर म्हणजे दंतवैद्य मृणालताई. सावेडीत त्यांचा दवाखाना आहे. अतिशय सौम्य बाई. त्यांना दरोडेखोर का व्हायचे होते, हे मी विचारले नाही.

पहिल्याच दरोड्यात त्यांनी दुकानदारावर पिस्तूल रोखले आणि म्हणाल्या, "हात वर करा. अजिबात घाबरू नका. दुखलं तर लगेच सांगा!"

दुकानदाराने तोंड उघडून दाखवले.

* * *

मोड ज्या क्रमाने चढवावे लागतात, तो क्रम एकदा चुकला. परिणाम असा झाला की गावातल्या सर्वांच्या अंगावर पोलिसांचा गणवेश आला. कीर्तनकार, शिंपी, पाणवठ्यावरच्या बाया, सगळ्यांच्याच अंगावर. सिद्धार्थ घाईघाईने दुरुस्ती करू लागला. मी त्याला थांबवले. एवढे पोलीस असताना गाव कसे वागते, ते मला पाहायचे होते.

त्या संध्याकाळी गावात चाळीस पोलीस होते.

चौकीतली मोटारसायकल चोरीला गेली.

* * *

प्रमोद विमा एजंट. खेळात तो सरपंच. त्याच्याकडे पांढरी गाडी, मागे दोन जीप, पांढरेच बूट. दोन वर्षांत त्याने हे सारे मोठ्या चिकाटीने उभे केले होते. एवढी चिकाटी त्याने विम्यात दाखवली असती तर, असे त्याची पत्नी म्हणे. मी त्यावर मत दिले नाही.

एकदा पाणीपुरवठ्याची मोटर गायब झाली. संशय सरपंचावर. त्याला कोर्टात उभे केले आणि नेमकी माझ्या देवपूजेची वेळ झाली. मी पूजेला उठलो. पडद्यावरचा न्यायाधीश मात्र आरोपीकडे टक लावून उभा राहिला.

वीस मिनिटांनी मी परतलो, तेव्हा प्रमोदने गुन्हा कबूल केला होता.

"कोणी दबाव आणला?"

"तुम्ही, सर! वीस मिनिटं एक शब्द नाही. शेवटी मलाच राहवेना!"

* * *

राजूरचा किसन शेवटी आला. त्याचे खतांचे दुकान आहे. त्याने सिद्धार्थला एक फोटो पाठवला. त्यात लाल मुंडासे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ होते.

"ह्ये करता येतील का?"

"कोण आहेत?"

"माझे वडील. धोंडिबा. तीन वर्सं झाली जाऊन."

सिद्धार्थने त्या एका फोटोवरून सव्वा महिना काम केले. चाल किसनने स्वतः चालून, व्हिडिओ करून दाखवली. उजवा पाय जरा ओढत. सोबत अठरा शेळ्या दिल्या. मग रोज सहा वाजता धोंडिबा शेळ्या घेऊन डोंगर चढू लागले. ते काही चोरत नसत, कोणाला मारत नसत. सूर्य कलला की घरी येत.

किसनची आई शेजारी पाटावर बसून बघत असे. माईकमध्ये तिचा आवाज येई. "आरं, तिकडं नको, तिकडं कडा हाय... ऊन लागलं आसंल, झाडाखाली थांबीव जरा."

त्या ठिकाणी झाड नव्हते. दुसऱ्या दिवशी होते. सिद्धार्थने त्याबद्दल कोणाला काही सांगितले नाही.

प्रमोदने तक्रार केली. "सर, किसनकडे एक माणूस जास्तीचा आहे. त्या आजी पात्रात नाहीत, तरी बोलतात."

मी निकाल दिला, "धोंडिबांच्या पत्नीने धोंडिबांशी बोलणे नियमात बसते."

* * *

आता प्रमोदचा अपराध.

घाटाच्या वळणावर रोज शेळ्या रस्ता ओलांडत. सरपंचाचा ताफा रोज थांबे. प्रमोद हॉर्न वाजवी. धोंडिबा काठी उंचावून म्हणत, "दमानं, सरपंच. त्यांला कुठं मीटिंग हाय?"

गाव हसे. प्रमोदला ते लागत असे.

त्याने गुपचूप एक मोड मिळवला. तो लावला की गाडी जनावरांच्या आरपार जाते. धुरातून जावी तशी. जनावराला इजा नाही, गाडीला धक्का नाही. मंगळवारी वळणावर कळप दिसला आणि त्याने ब्रेकला पाय लावला नाही. गाडी अठरा शेळ्यांमधून अलगद निघाली.

कळपाच्या मधोमध धोंडिबा होते. मोडला फक्त जनावरे माहीत होती.

माईकवर किसनच्या आईचा आवाज आला.

"उठंनात का रं ते?"

किसनने संगणक बंद केला.

* * *

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरले. प्रमोद म्हणाला, "नेट अडकलं, सर. गाडी माझ्या हातात नव्हती."

सिद्धार्थने सर्व्हरची नोंद काढली. नेट व्यवस्थित होते. मोडही सापडला. प्रमोदने मान खाली घातली. म्हणजे त्याच्या पात्राने घातली. त्यासाठी एक बटण असते.

प्रश्न धोंडिबांचा होता. मेलेले पात्र कायमचे कमी, हा नियम मीच दोन वर्षे राबवला होता. मृणालताईंचे दोन दरोडेखोर त्याच नियमाने गेले होते. त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

मी एक दिवस मागून घेतला. जप केला. राजूरच्या घरी ती माउली संध्याकाळी सहाला पाटावर येऊन बसली असेल, हे मनातून जाईना. पण दया आली म्हणून नियम वाकवणे मला पटणारे नव्हते. कारण हवे होते.

सकाळी ते सापडले. संध्याकाळी सहाच्या आधी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊन मी निकाल वाचला, "गावच्या नियमाने जो मरतो, त्याला गावचा नियम लागू. ही गाडी गावच्या नियमात नव्हती. सबब धोंडिबा मेलेले नाहीत. त्यांनी आज सहाला डोंगरावर जावे."

सिद्धार्थने चष्मा काढून पुसला.

"आणि प्रमोद, तुझ्या गाडीला शेळ्या दिसत नव्हत्या. एक महिना तू धोंडिबांच्या कळपात शेळी होशील. माईक बंद. महिना संपला की सरपंचपद परत."

"सर, मी शेळी?"

"पांढरी."

* * *

सिद्धार्थने सरपंचाच्या पात्राला शेळीचे शरीर चढवले. प्रमोद रोज सहाला हजर होई. चुकारपणा केला नाही. परंतु त्याने आयुष्यात शेळी नीट पाहिलेली नव्हती. तो रस्त्याच्या डाव्या बाजूने, सरळ रेषेत चाले. वळणावर थांबून दोन्हीकडे बघे. झुडपाला तोंड लावत नसे.

किसनच्या आईला शिक्षेबद्दल कोणी सांगितले नव्हते. तिने बारा दिवस पाहिले. तेराव्या दिवशी ती म्हणाली, "किसना, ती पांढरी शेळी येडी हाय. चरत न्हाई, कळपात ऱ्हात न्हाई. दुसऱ्यांला बिघडवंल. तुझ्या बापानं आसली शेळी आठ दिवस ठिवली नसती. इकून टाक."

किसनने मला फोन केला. "सर, आयला सांगू का, ती शेळी परमोदभाऊ हाय म्हनून?"

मी विचार केला. "धोंडिबांच्या घरची शेळी ठेवायची की विकायची, हा त्या घरचा प्रश्न आहे. कोर्टाला त्यात अधिकार नाही."

सिद्धार्थच्या बाजारात विकलेले जनावर टेम्पोत चढते. टेम्पो घाट उतरला की ते जनावर यादीतून कमी होते.

रविवारी धोंडिबांनी पांढऱ्या शेळीला दोरी लावून बाजारात नेले. गाव जमले. प्रमोदला एक शब्द बोलून सुटता आले असते. माईकचे बटण त्याच्याच हाताखाली होते. त्याने ते दाबले नाही. हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो.

टेम्पोचे फाटक लागले. किसनच्या आईने विचारले, "किती आले?"

"लई न्हाई," किसन म्हणाला.

टेम्पो घाट उतरला. दोन वर्षांचा सरपंच, पांढरी गाडी, दोन जीप आणि बुटांसह, यादीतून कायमचा कमी झाला.