सासूबाईंच्या गळ्यातला टाक

तुम्ही ज्या माळेला जुनी म्हणता ती फार जुनी नाही. गोवा राज्य झालं त्या वर्षी, तुमच्या आईच्या लग्नासाठी, मी ती डिचोलीच्या घरी ओवली. सासूबाईंच्या तुटलेल्या बोरमाळेचे सोन्याचे मणी, माझ्या आईची पोवळी आणि बाजारातले काळे मणी. प्रत्येक मण्यानंतर रेशमी दोऱ्याची गाठ मारायची, ती मण्याला टेकून बसली पाहिजे. शाळेत शिकवून आले की जेवणं उरकून मी ओवायला बसे. बोटं दुखत, डोळे चुरचुरत. बाहेर पुरुषमंडळी राजभाषा मराठी की कोंकणी यावर आवाज चढवत. दोन्ही पक्षांची ताटं मलाच वाढायची असत.

माळेत खरा जुना आहे तो नखाएवढा चांदीचा टाक. त्यावर उभी बाई आहे, झिजलेली. सासूबाई म्हणजे सासऱ्यांची दुसरी बायको. पूर्वी दुसरीनं वारलेल्या पहिलीच्या नावाचा असा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. सासूबाईंनी ते अखेरपर्यंत केलं. त्या गेल्यावर टाकाला वाली उरला नाही. पहिलीला मूल नव्हतं, तिचा फोटोही नव्हता. टाक गेला असता तर ती या घरात नांदली होती याची खूणच उरली नसती. म्हणून मी तो माळेच्या मागच्या बाजूला, केसांखाली झाकेल असा ओवला.

लग्नाच्या तयारीला माझी नणंद पेडण्याहून आली. माळ हातात घेताच तिच्या बोटांना टाक लागला.

"वयनी, हो हांगा कित्याक?"

"असू दे इथे. मागे कुणाला दिसणार नाही."

"सवत ती! नवरीच्या गळ्यात सवत बांधतेस? वितळव आणि जोडवी कर."

"एवढीच आठवण आहे गं तिची."

"आणि माझ्या आईची? माका परकर शिवलो तरी आई पयलीं तिका दाखयताली. जन्मभर मेलेल्या बाईच्या मागे उभी राहिली ती!"

भांडायचं त्राण नव्हतं. "काढते," म्हटलं.

तेवढ्यात तुमची आई म्हणाली, "आत्ये, आजीनं इतकी वर्षं सांभाळला, तो तू वितळवणार?"

"तोंड बघ हिचं! सासरी असं बोल, म्हणजे कळेल."

नणंदेनं टाक पदरानं पुसला. मग माझ्यावरच उखडली. "पण मागे कित्याक घातलास? आईनं कधी लपवला नव्हता. घालायचा तर पुढे घाल."

पुढे घालायचा म्हणजे सगळ्या गाठी कापायच्या. मी कात्री घेतली. सुटलेले मणी तिनं ओच्यात धरले, तिच्या आईचे सोन्याचे एकीकडे, बाकीचे एकीकडे.

"वयनी, आधी चहा तरी कर."

"तू कर," मी म्हटलं. मणी माझ्या ओच्यात ओतून ती उठली.