टीमचं गाऱ्हाणं

माझी उंची पाच फूट चार इंच. बास्केटबॉल मी हातात धरला तो कॉलेजात, एकदाच, आणि तोही कुणाचा तरी परत द्यायला. तरी गेली वीस वर्षं अमेरिकेतली एक बास्केटबॉल टीम मी आपली मानून बसलोय. निवडही फार विचारपूर्वक केली होती. रस्त्यावरच्या जर्सींच्या ढिगात माझ्या मापाची तेवढी एकच निघाली.

ती टीम हरते. अधूनमधून नाही, नेमाने हरते. तिकडे रात्र असते तेव्हा आमच्या विक्रोळीत सकाळ, म्हणून अंघोळीआधीच मी खिडकीशी मोबाइल घेऊन बसतो आणि ऑफिसला निघेपर्यंत दिवसाची माती झालेली असते. मग घाटकोपरच्या मित्राला फोन. तो माझ्याच जातकुळीतला मूर्ख.

"पुरती वाट लागलीय रे टीमची," मी ओरडतो. "वरची माणसं झोपलीत ना! त्या कोचला आधी हाकला. म्हाताऱ्यांना काढा, नवी पोरं घ्या. असंच चाललं तर सगळ्यांनाच घरी बसवतील, बघ तू."

कॉटवर बसलेले बाबा हे सगळं ऐकत असत.

बाबा गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, आणि पुढचं आयुष्य त्यांनी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये काढलं. मी मरोळला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, आणि तिथे आमची सहा जणांची एक 'टीम' आहे. बाबांना ठाऊक असलेली माझी टीम तेवढीच. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, पण माझं डोकं एका सात फुटी माणसात अडकलेलं, ज्याला समोर कुणी नसतानाही बॉल बास्केटमध्ये टाकता येत नाही.

त्या हिवाळ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. तारीखही घेतली होती. एक दिवस ते अचानक म्हणाले, "आता नको. दिसता माका." दिसत काही नव्हतं. आदल्याच दिवशी जिन्यात ते शेजारच्या बाईंना माझी आई समजून चांगले रागावले होते. मी म्हटलं, घाबरले असतील. मग जेवताना आपल्या ताटातला तळलेला बांगडा ते माझ्या ताटात सरकवू लागले, आणि तोही मी मिटक्या मारत खाल्ला. एकदा तर त्यांनी विचारलं, "टीम कशी हा तुजी?"

मला भरून आलं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"संपल्यात जमा आहे, बाबा," मी म्हणालो.

रविवारी सकाळी टीम पुन्हा हरली. मी खिडकीशी चरफडत होतो, तोवर आत बाबांनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला घेतलं. आम्हा मालवणी लोकांत देवाकडे मनातल्या मनात मागत नाहीत. खड्या आवाजात फिर्याद मांडायची आणि घरच्यांनी दरवेळी होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई आणि बायको म्हणाल्या.

"माज्या झिलाची टीम खाली पडली हा, ती वर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

झील म्हणजे मुलगा, म्हणजे मीच. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सासरेही हातचे गेले, असं तिला वाटलं असणार.

"तो कोच म्हणान कोण सायब आसा, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

बायकोने तोंडावर हात दाबला. खांदे हलत होते.

"माज्या झिलाची नोकरी रवांदे. माज्यावर जी पाळी इली, ती तेच्यार नको रे म्हाराजा!"

बायकोचा हात खाली आला. "व्हय म्हाराजा," एकटी आई म्हणाली.

धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. चाळिशीचा घोडा मी, महिनाभर बापाच्या वाटणीचा बांगडा खात होतो, आणि माझी नोकरी जाणार म्हणून ऑपरेशनचे पैसे वाचवायला हा माणूस आंधळा राहायला तयार झाला होता.

"बाबा," मी म्हणालो, "ती ऑफिसची टीम नाही. खेळाची आहे. अमेरिकेतली."

ते माझ्या दिशेने वळले. "म्हणजे तुजी नोकरी हा मां?"

"आहे."

"आणि तू त्या टीमीत खेळतंस?"

"नाही. बघतो."

ते हळूहळू खाली बसले. पंच्याने डोळे पुसले, आणि मग म्हणाले, "आता तो नारळ मागे घेवक येणा नाय."

पुढच्याच महिन्यात ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यानंतर पहिल्याच सकाळी ते खिडकीशी येऊन माझ्या शेजारी बसले. मोबाइल माझ्या हातातून घेतला, नव्या डोळ्याजवळ धरला. टीम तीस पॉइंटांनी मागे होती. ते नीट, मन लावून बघत होते.

"ह्या बघूक मी डोळो करून घेतलंय?"

"पुढच्या वर्षी बघा, बाबा," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी नक्की."

"संपात आमीय गिरणीच्या गेटार रोज ह्याच म्हणत होतंव," ते म्हणाले. "फुडच्या म्हयन्यात नक्की."

पण मोबाइल त्यांनी परत दिला नाही. मॅच संपेपर्यंत बघत राहिले.