दांडगी टाकी

तो पिकअपवाला मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहिलं. आमची ज्वारी तेरहून कळंबच्या बाजाराला न्यायला तो आला होता. गाडीला त्यानं सोलापुरात डिझेलची नवी, दांडगी टाकी बसवून घेतली होती, तीही मागं, माल ठेवायच्या जागेतच. बाजारात मडकं पारखावं तशी तो ती बोटानं वाजवत होता, कान देत होता आणि खुशीत मान हलवत होता.

पोती निम्मीच मावली.

"अहो, टाकीनंच जागा खाल्ली. आता दोन खेपा कराव्या लागणार," मी वैतागून म्हणालो.

कानामागची बिडी चाचपत तो शांतपणे म्हणाला, "म्हणून तर मोठी घातली, मालक. दोन खेपांना तेल लई लागतंय."

पुढं मी सरकारी कचेरीत लागलो. तिथं एखादं नवं खातं निघालं की मला ती टाकी आठवायची.