मालक तुळजापुरात असताना
सुताच्या खळीचा आंबूस वास आला, की मला तुळजापूरकडच्या वाशीतला आठ हातमागांचा तो पत्र्याचा कारखाना आणि त्याचा भित्रा मालक आठवतो. मी तिथं विणकर होतो. साल दुष्काळाचं. लुगड्याला गिऱ्हाईक नव्हतं, विणलेला माल कोपऱ्यात छताला टेकला होता, आणि आता माग बंद पडणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. अशा वेळी हा गडी "देवीचा नवस फेडायचाय" म्हणत सकाळच्या मोटारीनं तुळजापूरला पळाला, तो सव्वा महिना फिरकला नाही. मागं राहिली त्याची बायको. तिसऱ्या दिवशी ती मागांच्या मधोमध येऊन उभी राहिली. "पोटाला न्हाय तिथं लुगडं कोन घेतंय? जाडेभरडे पंचे विणा. इकायचं मी बघते," म्हणाली. मग गठ्ठा डोक्यावर घेऊन बाई स्वतः बाजारोबाजार फिरली, आणि आठातला एकही माग थांबला नाही. मालक परतला तो दाढी वाढवून, कपाळभर मळवट भरून. खटखट ऐकून म्हणाला, "मी सांगून गेलो तसंच केलंत, व्हय?" बाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आम्ही मात्र लाचारासारखे "व्हय, मालक" म्हणालो. परवा त्याच्या नातवानं आजोबांच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडं आठवण मागितली. मी एकच ओळ लिहून दिली, 'त्या वर्षी मालक तुळजापुरात होते.' त्या दिवट्यानं ती 'श्रद्धावान उद्योजक' असा मथळा देऊन छापली.