सांगून जायचं असतं

सुमनबाई गेल्या तेव्हा मी आष्टीच्या बाजारात होतो. त्यांच्या मुलाचा फोन आला. "सर, आई गेली," एवढंच म्हणाला. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मी एका दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. त्याला आता महिना होत आला...

वडवणीकडच्या एका खेड्यात आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवत होतो. माझी पहिलीच नेमणूक, डी.एड.चा कागद कोरा करकरीत, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी खात्री. बाई पहिलीचा वर्ग घ्यायच्या. त्या वर्षी दुष्काळ होता आणि जून अर्धा सरला तरी गावात टँकरच येत होता. शाळा उघडली त्या दिवशी बाई मीटिंगला गेल्या होत्या, म्हणून पहिली माझ्याकडे आली. गावातली रुक्मीण तिच्या लेकीला, सीमाला, घेऊन आली. पोर पदर सोडेना, आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मी मोठ्या हुशारीनं सीमाला चित्रांचं पुस्तक दाखवलं आणि रुक्मीणला मागच्या दारानं निघून जायची खूण केली. पोर रडली नाही. दप्तर पाठीवरच ठेवून दुपारपर्यंत दाराकडे बघत बसली. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. बाई तिच्या घरी गेल्या, त्यांच्यामागं मीही गेलो. रुक्मीण सांगत होती, पोर मला परसाकडंसुद्धा एकटीला जाऊ देत नाही, आता शाळेचं नावच नको. मग हळूहळू कळलं. मागच्या दिवाळीनंतर रुक्मीण आणि तिचा नवरा ऊसतोडीला निघाले, ते सीमा झोपेत असताना. पोर रडेल म्हणून आजीनंच तसं सुचवलं होतं. सकाळी उठून ती वेशीपर्यंत पळत गेली होती.

"तिला न सांगता कावून गेलीस?" बाईंनी रुक्मीणला विचारलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "अन् सर, तुमी तेच केलं." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आईनं वर्गात बसावं, असं बाईंनी ठरवलं. पण टँकरची रांग सुटली तर घरात प्यायला थेंब नाही, रुक्मीणचंही खरंच होतं. तेव्हा बाईंनी तिच्या घागरी उचलल्या आणि रांगेत जाऊन स्वतः उभ्या राहिल्या. बायका हसायच्या, बाईंनी शाळा सोडली का म्हणून चिडवायच्या. मी दोन वर्ग सांभाळत मनातल्या मनात कुरकुरत होतो. आठ दिवस असं चाललं. रोज रुक्मीण थोडी कमी बसायची, आणि उठताना कुठं जाते, कधी येते ते लेकीला सांगायची, आणि सांगितल्या वेळेला यायचीच. नवव्या दिवशी सीमाच म्हणाली, "आई, जा की आता. टँकर आलाय."

खरी परीक्षा दिवाळीनंतर झाली. कारखान्याची गाडी आली तेव्हा बाईंनी आईबापाला पोरीसमोर बसवलं आणि कुठल्या गावाला, किती दिवस, सगळं सांगायला लावलं. पोर धाय मोकलून रडली. मला ते बघवेना. पण दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी ती शाळेत होती, आणि वर्षभर राहिली.

परवा बाईंच्या घरी गेलो. सून आत चहा करत होती. बाईंची सहा वर्षांची नात माझ्याजवळ येऊन उभी राहिली, आणि बाई आजारपणात ज्या बाजेवर होत्या त्या रिकाम्या बाजेकडे बघत काय बोलावं ते न सुचून मी तिला म्हणालो, आजी गावाला गेलीय, येईल हं. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच!

पोरीनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"आज्जी न्हाई येणार," ती म्हणाली. "तिनं मला सांगितलं हुतं. रडू आलं तर रडायचं म्हनली."

मग मी तिच्याशेजारी बसून रडलो.