आईचा न दुमडणारा पाय

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आईच्या उजव्या गुडघ्याचं पार वाटोळं झालं होतं. उसात खुरपायला बसली की उठताना किंचाळायची. मी साताऱ्याला डी.एड. करत होते, म्हणून घरात मीच शहाणी. तिला सांगलीच्या दवाखान्यात मीच नेलं.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडाकडे धरला. "परदेशात हल्ली झिजलेल्या भागापुरता धातू बसवतात. आपल्याकडे अजून नाही. आपण हाडं एकमेकांना जोडून टाकू. दुखणं थांबेल, पण गुडघा जन्मात वाकणार नाही. त्यांना नीट समजावून सांगा."

आई बाहेर बाकावर बसली होती. "काय म्हणलं गं डाक्टर?"

"दुखणं जाईल म्हणाले."

एवढंच सांगितलं मी. पुढचं सांगितलं असतं तर ती तडक आमच्या कडेगावची एसटी धरून मोकळी झाली असती. आणि खरं सांगू? तिच्या कण्हण्याला मी वैतागले होते. कागदावर अंगठा तिने उठवला, जागा मी दाखवली.

प्लॅस्टर निघालं. दुखणं गेलं, अगदी गेलं. पाय मात्र मुसळासारखा ताठ. आई रोज तेल चोळायची आणि म्हणायची, "आज जरा ढिला पडलाय बग." मी सुट्टीला आले की नुसती मान डोलवायचे. जीभच रेटायची नाही मेली!

दिवाळीला घरी आले तर आई निम्मी झालेली. ताटात चतकोर भाकरी, पाणी घोटभर. वहिनीला विचारलं. तिने मला परड्यात नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "परसाकडं बसता येत न्हाई त्यास्नी. मी काखंत हात घालून धरती. लय लाज वाटती, म्हणून खात-पीतच न्हाईत."

मी तशीच आईपुढे गेले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी काय गिळलं होतं. गुडघ्यावर तेल चोळणारा तिचा हात थांबला. शिव्या देईल वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गुडगा माजा हुता," ती म्हणाली. "दुखंना का, बसत तरी हुते मी. मला इचारलं असतंस तर दुखणंच ठिवलं असतं."