तांब्याचा पाइप आन् तांदळाचं पोतं

मंडळीहो, आजची गोष्ट तुमाले सांगल्याशिवाय मले राहवत नाही.

मी गवती चहाचं तेल काढायचं घरगुती यंत्र बनवून राह्यली. भांडं स्टीलचं चालते, पण ज्या उभ्या पाइपातून वाफ चढते तो तांब्याचाच पाहिजे, नाही तर तेलाले घाण वास राहते. आन् आजकाल लोखंडाले नाही तर अल्युमिनियमले तांब्याचं पाणी चढवून तांबं म्हणून खपवतात. म्हणून बाजारात मी पर्समधी चुंबक आन् खिळा घेऊनच गेलती.

दुकानदार म्हणे, "असली तांबा आहे, ताई."

मी चुंबक लावलं. चिकटलं नाही. तरी मन मानेना, म्हणून पाइपाच्या तोंडापाशी खिळ्यानं खरवडलं. आत बी लालच निघालं.

मंग त्यानं इचारलं, "कायले पाहिजे?"

"गवती चहाचं तेल काढाले."

"हौ," तो म्हणे, "सब लोग तेलच काढतात." आन् मी न सांगता त्यानं पाइप तांदळाच्या पोत्यात गुंडाळला. "रस्त्यानं कोणी पाहाले नको."

आपल्या बालाघाटात असा पाइप दिसला का लोकाइले मोहाची दारूच दिसते. मले लय राग आला. त्याचं तांबं मी खरवडून पाह्यलं, पण माझा शब्द खरवडून दाखवाले माझ्यापाशी काहीच नव्हतं.

आन् खरं सांगू, पोतं मी काढलं नाही. उलट आमच्या गल्लीत शिरताना अजून घट्ट गुंडाळलं. तुमी काढलं असतं का?